शेजारच्या वर्गाचं श्रुतलेखन

सहामाही परीक्षेतला श्रुतलेखनाचा पेपर सगळ्या शाळेत एकाच वेळी झाला, सकाळी साडेनऊ ते दहा. साडेअकराच्या मोठ्या सुट्टीत तिसरीच्या बाई शिक्षकखोलीत लाल पेन घेऊन बसल्या. अडतीसपैकी सव्विसावा पेपर समोर आला आणि पेन हवेतच थांबलं.

बाईंनी मुलांना दहा वाक्यं घातली होती, कोळी जाळं कसं विणतो त्याबद्दल. पंचवीस मुलांनी ती लिहिली होती. कुणी जाळ्याला काना द्यायला विसरलं होतं, कुणी शेवटची तीन वाक्यं खाल्ली होती, पण कोळी सगळ्यांकडे होता. सव्विसाव्या पेपरात कोळी औषधालाही नव्हता. टपोऱ्या, स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं:

'जमिनीच्या पोटात खूप उष्णता असते. तिथे खडक वितळतात. मागे कोण कुजबुजतंय. वितळलेला खडक वर यायला वाट शोधतो. खिडकी लावून घे गं वारा येतोय. पुढचं वाक्य. वाट सापडली की डोंगराचं तोंड फुटतं. फटाकडे मान खाली.'

पेपर पाहुणीचा होता.

पाहुणी हे नाव मुलांनी ठेवलेलं. आठ वर्षांची ही मुलगी बाकाच्या अगदी कडेवर, हात मांडीत घेऊन बसायची, जणू कुणी पाणी आणून देईल, ते पिऊन उठायचं आहे. काही विचारलं की आधी हसायची. उत्तर आलंच तर दुसऱ्याच प्रश्नाचं असायचं. तिच्या कानांत दोष नव्हता. बंद खोलीत तपासले तेव्हा टाचणी पडलेली ऐकू येईल असे निघाले. श्रवणतज्ज्ञ मॅडमनी तेव्हा बाईंना समजावलं होतं की अडचण कानात नाही, कानाच्या पुढच्या वाटेवर आहे. वर्गात बाक सरकतात, पंखा घरघरतो, चाळीस तोंडं चालू असतात. त्या कालव्यातून बाईंचा आवाज तेवढा उचलून घ्यायचा, हे बाकीच्या मुलांना न शिकवता जमतं, हिला जमत नाही. त्यावर उपाय म्हणून यंत्र आलं होतं. बाईंच्या गळ्याशी छोटा माईक, पाहुणीच्या दोन्ही कानांवर वालाच्या दाण्याएवढी दोन यंत्रं. बाई बोलल्या की आवाज कालव्याला वळसा घालून थेट तिच्या कानात.

यंत्राला पाच महिने होऊन गेले होते. प्रगती शून्य.

बाईंना पहिला आला तो राग. परीक्षेत चेष्टा? शेजारणीचं बघून लिहायची सवय होती पोरीला, हे त्यांना ठाऊक होतं. आज परीक्षा म्हणून एका बाकावर एकच मुलगी बसवली, तर हे काहीतरी पुस्तकातलं उतरवलं की काय? पण पुस्तकात 'वारा येतोय' कोण छापेल? त्यांनी शेवटची ओळ पुन्हा वाचली. फटाकडी.

फटाकडी म्हणतात ती मुलगी त्यांच्या वर्गात नव्हती. ती चौथीत होती, भिंतीपलीकडे.

चौथीचे सर टेबलाच्या दुसऱ्या टोकाला चहाचा पेला फुंकत बसले होते. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला, आडव्या बांध्याचा, हसवणारा माणूस. त्यांचा आवाज असा की शाळेची घंटा बिघडली तरी चालेल, असं शिपाई मामा म्हणायचे.

"सर, आज श्रुतलेखनाला काय घातलंत?"

"ज्वालामुखी," सर म्हणाले. त्यांचा आवाज चिरका आणि दबका येत होता. "का? तुमच्या कोळ्यांना झळ लागली?"

"मध्येच कुणाला खिडकी लावायला सांगितलीत?"

"सांगितली असेल. घसा धरलाय, वारा सोसत नाही."

"आणि फटाकडीला मान खाली घालायला?"

"अहो, ते तर मी झोपेतही सांगतो. हे काय, माझी उलटतपासणी?"

बाईंनी पेपर सरकवला. सर पहिली दोन वाक्यं वाचून हसले. तिसऱ्याला हसणं अडखळलं. शेवटाला येईपर्यंत त्यांनी पेला खाली ठेवला होता.

"ही माझ्या वर्गात येऊन बसली होती का?"

"माझ्यासमोर बसली होती. पहिल्या बाकावर."

"मग भिंतीतून गेला असेल आवाज. माझा आवाज तसा..."

"आज?" बाई म्हणाल्या. "आज तुमचा आवाज या टेबलापलीकडे जात नाहीये."

सरांनी नकळत गळ्याला हात लावला आणि तो हात तिथेच राहिला. गळ्यात दोरीला लोंबणारा माईक होता, छातीवर टेकलेला. त्यावर हिरवा दिवा जळत होता. सर तो कधी बंद करायचे नाहीत. बाईंनीही आपल्या कॉलरकडे पाहिलं. तिथे तसलाच माईक होता, फक्त दोरीऐवजी चिमट्याचा.

आणि बाईंना माईक आले तो दिवस आठवला.

शाळेत असे माईक दोनच होते. एक तिसरीत पाहुणीसाठी, दुसरा चौथीत फटाकडीसाठी. एकाच दिवशी आलेले. यंत्रं बसवायला आलेल्या माणसानं पाहुणीच्या माईकला निळी पट्टी चिकटवली, फटाकडीच्याला लाल, आणि कुठला माईक कुठल्या कानांशी बांधलाय ते सांगून गेला. निळा दोरीचा होता. बाई चष्मा दोरीनं गळ्यात अडकवायच्या. दोन दोऱ्यांचा पहिल्याच तासाला असा गुंता झाला की चष्मा आणि माईक दोन्ही फळ्यावर आपटले. तिकडे सरांच्या शर्टाची कॉलर चिमट्यात चुरगळायची. दुसऱ्या दिवशी सकाळी याच टेबलावर दोघांनी अदलाबदल केली, जशी पेनांची करतात. माईक तो माईक. सरांना गंमत वाटली, बाईंना सोय. आणि बाईंना टापटिपीची भारी हौस. तिसरीच्या वर्गात लाल पट्टीचा माईक बरा दिसणार नाही म्हणून त्यांनी नखानं दोन्ही पट्ट्या सोलून काढल्या आणि उलटसुलट चिकटवल्या. इतक्या नीट की पाच महिन्यांत कुणाला संशय आला नाही.

"पट्ट्या मी बदलल्या," बाई म्हणाल्या.

"कसल्या पट्ट्या?" सर म्हणाले. मग त्यांच्याही लक्षात आलं. "अरे देवा."

"तुम्ही इथेच बसा. माईक काढू नका. काहीही करा, पण तोंडानं बोलू नका, मग भिंतीतून आलं म्हणायला नको."

बाईंनी कपाटातला आपला खण उघडला. तळाशी प्लास्टिकची पिशवी होती, तोंडाला स्टेपलरची पिन मारलेली. पिन अजून तशीच होती. आत ऐकायची नळी होती, डॉक्टरांची असते तशी, फक्त दुसऱ्या टोकाला मुलाच्या कानातलं यंत्र बसवायची खोबण. रोज सकाळी शिक्षकानं या नळीनं स्वतः ऐकायचं आणि मग तोंडासमोर वही धरून मुलाला पाच शब्द विचारायचे. दोन मिनिटांचं काम. मॅडमनी हे तीनदा सांगितलं होतं. बाईंनी पिन उपटली तेव्हा ती बोटात घुसली. त्यांच्या ते ध्यानातही आलं नाही.

पाहुणी वर्गात डबा खात होती. कानांवर यंत्रं होती. ती कधीच काढायची नाही.

"दे बरं जरा," बाई म्हणाल्या.

पाहुणीनं एक यंत्र काढून त्यांच्या तळहातावर ठेवलं. बाईंनी ते नळीला बसवलं, नळी कानांत घातली.

आधी खरखर. मग एक लांबलचक फुर्रर्र, आणि घोट गिळल्याचा आवाज. सर चहा पीत होते. दोन भिंतींपलीकडे, शिक्षकखोलीत बसून सर बाईंच्या मेंदूच्या मधोमध चहा पीत होते. खुर्ची करकरली. सर खाकरले. मग अगदी हळू, स्वतःशीच, पण कानाला ओठ लावून सांगावं इतकं स्पष्ट ऐकू आलं: "काय करून बसलो रे हे."

बाईंनी नळी कानांतून ओढून काढली. वर्गात दहाबारा मुलं डबे खात होती, दोघं खडूवरून भांडत होती. बाईंना एकदम कळलं की गेले पाच महिने ही पोर या खोलीत बसून त्या खोलीत होती. समोर बाईंचे ओठ हलताना दिसायचे आणि कानात सरांचा भागाकार वाजायचा. बाई म्हणायच्या पान बारा काढा, कानात सर म्हणायचे मुळाक्षरं विसरलात का रे गाढवांनो. आणि बाईंचा खरा आवाज? तो यायचा तो लांबून, कालव्याच्या तळाशी गेलेला, आधीपेक्षाही अस्पष्ट, कारण वर सर बसलेले.

बाई बाकावर तिच्याशेजारी टेकल्या.

"तुला यातून कुणाचा आवाज येतो गं?"

"सरांचा."

"रोज?"

"हो. शनिवारी नाही येत, शनिवारी त्यांचा खेळाचा तास असतो." पाहुणी हसली, नेहमीसारखी. "सर जोक सांगतात. हत्तीचा सांगितला होता. मी हसले तर तुम्ही मला उभं केलं होतं."

केलं होतं. बाईंना ते आठवलं. एकटीच हसते म्हणून अर्धा तास.

"मग तू सांगितलं का नाहीस मला?"

"सांगितलं होतं."

"कधी?"

"यंत्र आलं तेव्हा. मी म्हटलं, बाई, सर पण बोलतात. तुम्ही म्हणालात, ते मलाही ऐकू येतात भिंतीतून, आपण लक्ष नाही द्यायचं."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. बाईंनीच सांगितलेल्या गोष्टीची ती बाईंना आठवण करून देत होती, इतकंच.

"आणि त्या मॅडम म्हणाल्या होत्या, आधी विचित्र वाटेल, सवय होईपर्यंत काढायचं नाही." पाहुणीनं हातातला घास तोंडात टाकला. "मला अजून सवय नाही झाली."

बाई उठल्या.

शिक्षकखोलीत सर तसेच बसले होते, गळ्यातला माईक हातात धरून, जणू तो फुटेल. बाईंनी खणातून पत्रकाची फाइल काढली आणि त्यांच्यापुढे टाकली. 'सकाळची तपासणी', रोजचा एक चौकोन, चौकोनात बरोबरची खूण, खाली सही. पाच महिन्यांत शाळा भरली ते दिवस चौऱ्याण्णव. खुणा पंच्याण्णव होत्या. बाई दर सोमवारी आठवड्याभराच्या खुणा एकदम करून टाकायच्या, आणि या आठवड्याचा शेवटचा दिवस उद्या होता. उद्याची तपासणीही झालेली होती.

"माझंही तेच आहे," सर पुटपुटले. "मी तर महिन्याच्या करतो."

"फटाकडीची यंत्रं कुठायत?"

"ती कुठली लावतेय. दुसऱ्याच दिवशी काढून ठेवली. म्हणाली, कानात बाई बडबडतात." सरांनी डोळे मिटले. "मी म्हटलं, उद्धट कार्टी. माझा आवाज मोठा, तिचं भागून जातं बिनयंत्राचं. मी काही ताणलं नाही."

बाहेर सुट्टी संपल्याची घंटा झाली.

आता जे बोलायचं होतं ते दोघांनाही माहीत होतं. उद्या सकाळी अकरा वाजता मोठ्या बाईंच्या खोलीत बैठक होती. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. श्रवणतज्ज्ञ मॅडम येणार होत्या, पाहुणीची आई येणार होती, आणि आईनं एका कागदावर सही केली की पाहुणी दोन तासांवरच्या दुसऱ्या गावी निवासी विशेष शाळेत जाणार होती. तिथे राहायचं, महिन्यातून एकदा घरी. हे सगळं ज्यावर उभं होतं तो अहवाल तिसरीच्या बाईंनी लिहिलेला. त्यातलं वाक्य त्यांना पाठ होतं, कारण ते सुबक जमलं म्हणून त्यांनी दोनदा वाचलं होतं: 'यंत्राचा नियमित वापर व रोजची तपासणी असूनही विद्यार्थिनीत कोणतीही सुधारणा आढळत नाही.' सोबत पत्रकांच्या प्रती.

"ऐका," सर म्हणाले. "माईक आत्ता बदलून टाकू. उद्या सांगू, काहीतरी तांत्रिक घोटाळा झाला होता, परवाच कळलं, मुलीला आणखी तीन महिने द्या. देतील. कुणाची मान कशाला अडकवायची?"

"मॅडम विचारतील, घोटाळा कधीपासून."

"कुणास ठाऊक म्हणायचं."

"पत्रक म्हणतंय, रोज तपासलं, रोज ठीक होतं. काल ठीक, परवा ठीक." बाईंनी बोट पत्रकावर ठेवलं. पिन लागल्याचा लाल ठिपका कागदावर उमटला. "तपासलं असतं तर पहिल्याच सकाळी कळलं असतं, सर. म्हणजे एक तर हे पत्रक खोटं, नाहीतर पोरगी मठ्ठ. दोन्हींतून एकच निवडता येतं. मी अहवालात पोरगी निवडलीये."

"अठरा वर्षं झाली तुमची या शाळेत."

"म्हणून तर माझ्या खुणेवर विश्वास ठेवला सगळ्यांनी."

सर माईक दोरीसकट टेबलावर ठेवून वर्गावर गेले.

दुसऱ्या दिवशी पाहुणीची आई अकराला दहा कमी असतानाच येऊन बसली होती. ती कपड्यांच्या कारखान्यात शिलाईवर होती. अर्धी रजा टाकून आली होती, बाहीला पांढऱ्या धाग्यांचे तुकडे चिकटलेले. मोठ्या बाईंनी तिला अहवाल वाचून दाखवला. आई प्रत्येक वाक्याला मान हलवत होती. तिला वाक्यं कळत होती की नाही देव जाणे, पण कागदावर लिहून आलेली गोष्ट खरीच असणार, हे तिच्या चेहऱ्यावर होतं.

मॅडमनी अर्ज पुढे केला. "इथे सही. घाई नाही, वाचून करा."

"महिन्यातून एकदाच पाठवतात का घरी?" आईनं विचारलं. "दोनदा नाही?"

"एकदा. सुरुवातीला तीन महिने तेही नाही, मुलं रुळेपर्यंत."

आईनं पेन घेतलं. "ती रात्री माझा पदर धरून झोपते," ती म्हणाली, कुणालाच उद्देशून नाही, आणि रेघ कुठे आहे ते शोधायला वाकली.

"सही करू नका," बाई म्हणाल्या.

सगळ्यांनी मान वर केली. रात्रभर घोकलेली चार वाक्यं होती. त्यांतलं एकही आठवेना. बाईंनी पिशवीतून एकेक वस्तू काढून टेबलावर मांडली: श्रुतलेखनाचा पेपर, दोन माईक, नळी, पत्रकाची फाइल. मग पोलिसात जबाब द्यावा तशा क्रमानं सांगत गेल्या. माईकांची अदलाबदल कुणी केली, पट्ट्या कुणी बदलल्या, कुठल्या दिवशी. मुलीनं कधी सांगितलं आणि आपण काय उत्तर दिलं. नळीच्या पिशवीची पिन काल पहिल्यांदा निघाली.

मोठ्या बाईंचा चेहरा उतरत गेला. "बाई, तुम्ही काय बोलताय ते कळतंय ना तुम्हाला? ही पत्रकं पुढे गेलीत. माझी सही आहे त्यांवर."

"कळतंय."

मॅडमनी दोन्ही माईक उलटे केले, चष्मा कपाळावर सरकवून मागचे बारीक आकडे वाचले आणि आपल्या वहीशी ताडून पाहिले. दोनदा ताडले. मग त्यांनी पेपर वाचायला घेतला. 'खिडकी लावून घे गं' पाशी त्यांचा हात तोंडावर गेला.

"वीस वर्षं करतेय मी हे काम," त्या म्हणाल्या. "यंत्र बंद असलेलं पाहिलंय, सेल उलटा घातलेला पाहिलाय, कानाऐवजी डब्यात ठेवलेलं पाहिलंय. हे नव्हतं पाहिलं." आणि मग बाईंकडे वळून: "रोज सकाळी पाच शब्द विचारायचे होते. चौऱ्याण्णव दिवस. एकदाही नाही?"

"एकदाही नाही."

"आणि चौथीतली मुलगी? तिनंही काही सांगितलं नाही?"

याचं उत्तर दारातून आलं. चौथीचे सर कंपासपेटी घेऊन उभे होते. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. त्यांनी पेटी उघडून टेबलावर ठेवली. पेन्सिलींच्या सालपटांत, चॉकलेटच्या चांदीत गुंडाळलेली दोन यंत्रं होती.

"तिनं दुसऱ्या दिवशी सांगितलं," सर म्हणाले. "मी ऐकलं नाही. मग तिनं काढून टाकली. पत्रकावर खुणा माझ्याही आहेत."

मॅडम त्या चांदीकडे बघत राहिल्या. "म्हणजे जिनं आमचं ऐकलं नाही ती सुटली," त्या हळूच म्हणाल्या, "आणि जिनं ऐकलं..."

इतका वेळ आई एकेकाच्या तोंडाकडे पाहत होती. पेन अजून हातात होतं, टोक कागदाला टेकलेलं. तिथे शाईचा ठिपका मोठा होत होता.

"थांबा," ती म्हणाली. "मला नीट सांगा. तिच्या कानात या बाई बोलायला पाहिजे होत्या?"

"हो."

"आणि बोलत होते हे सर? दुसऱ्या वर्गातले?"

"हो," बाई म्हणाल्या.

"सगळा वेळ?"

"सगळा वेळ."

आईच्या चेहऱ्यावरून जणू कुणी हात फिरवून सगळं पुसून टाकलं. "ती संध्याकाळी डोकं धरून बसायची. म्हणायची, आई, दोघं दोघं बोलतात. मी म्हणायची, शाळा बुडवायची नाटकं आहेत. रोज सकाळी मी माझ्या हातानं लावून दिली ती यंत्रं. एकदा रडायला लागली तर..." उजवा हात तिनं मांडीवर उलटा ठेवला आणि त्याच्याकडे पाहिलं. "एकदा मी हात उचलला तिच्यावर."

मोठ्या बाईंनी पाण्याचा पेला पुढे केला, आईनं तो घेतला नाही. तिनं पेनाला टोपण लावलं, जोर देऊन, टक् आवाज येईपर्यंत. अर्जाची घडी घातली आणि पिशवीत टाकली.

"हा मी नेते. सही न करताच."

मग ती बाईंकडे वळली. बाईंना वाटलं, आता ही बोलेल, बोलावंच हिनं. आईनं फक्त विचारलं, "तिकडे त्या शाळेत ठेवणारच होतात ना तुम्ही तिला?"

"हो," बाई म्हणाल्या. "अगदी आत्ता, पाच मिनिटांपूर्वीपर्यंत."

आई निघून गेली. बैठक आणखी तासभर चालली. अहवाल मागे घ्यायचा ठरला, पाहुणीला याच वर्गात ठेवून तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं ठरलं. दोन्ही शिक्षकांनी लेखी जबाब द्यायचे, चौकशी होणार, पुढचं समिती ठरवणार. मोठ्या बाई हे सांगताना बाईंच्या डोळ्यांत न बघता फाइलच्या गाठीशी चाळा करत होत्या.

सोमवारी सकाळी प्रार्थनेआधी मॅडम स्वतः आल्या, पट्ट्या जागच्या जागी लावल्या आणि फटाकडीला चौथीत घेऊन गेल्या. भिंतीपलीकडून लगेच आवाज आला, "अय्या, सर, तुम्ही कानात!" आणि वर्गभर हशा.

बाईंनी चष्म्याची दोरी काढून खणात टाकली होती. दोरीचा माईक गळ्यात घातला. नळी कानांत घातली, यंत्र खोबणीत बसवलं आणि "एक, दोन" म्हटलं. स्वतःचा आवाज स्वतःच्या कानात आला तेव्हा त्या दचकल्या. तो कोरडा आणि घाईचा होता. मुलं रोज हे ऐकतात याची त्यांना कल्पना नव्हती.

पाहुणीला त्यांनी दाराशी उभं केलं. तोंडासमोर वही धरली. वर्गात अजून गलका चालूच होता, मुद्दाम चालू ठेवला होता.

"ताट."

पाहुणीनं झटका बसल्यासारखी मान वर केली. तिचे डोळे मोठे झाले. तिनं बाईंकडे पाहिलं, मग भिंतीकडे, मग पुन्हा बाईंकडे.

"काय म्हटलं मी?"

"ताट." आणि मग एकदम, "बाई, हा तुमचा आवाज आहे?"

"हो."

"असा आहे?"

बाईंनी वही आणखी वर धरली, डोळ्यांपर्यंत. "जहाज."

"जहाज."

"चिमटा. पाऊल. दगड."

तिन्ही आले, एकामागून एक. आवाज जिकडून आला तिकडेच ओठ होते, ते वहीमागे असले तरी. पाहुणी त्या वहीवर नजर लावून होती, पापणीही न हलवता.

"सर कुठे गेले?" तिनं विचारलं.

"शेजारीच आहेत. आता ते तुला ऐकू नाही येणार."

पाहुणीचा चेहरा पडला. "मग ते राहिलंच की. डोंगराचं तोंड फुटल्यावर पुढे काय झालं ते."

"सुट्टीत जाऊन विचार त्यांना. मी सांगितलंय म्हण."

पाहुणी जागेवर जाऊन बसली, बाकाच्या कडेवर, नेहमीसारखी. बाईंनी नवं पत्रक उघडलं. पहिला चौकोन रिकामा होता. पाचही शब्द आले होते, नळीतून त्यांनी स्वतः ऐकलं होतं, खूण करायला काहीच हरकत नव्हती. पेन चौकोनावर टेकलं आणि तिथेच राहिलं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "पाहुणे," त्या म्हणाल्या, अगदी हळू, वर्गाकडे पाठ करून, "जरा परत ये गं इकडे. शब्द बदलून विचारते."

मागे बाक सरकल्याचा आवाज झाला.